शेजारची खोली

१९८४ साली एम.टेक.साठी पवईच्या हॉस्टेलवर आलेल्या दशरथला चार महिन्यांत एकही मित्र मिळाला नव्हता. एकटेपणाने जीव नकोसा व्हायचा. पण आईला पाठवलेल्या प्रत्येक पत्रात तो मित्रांच्या गमतीजमती रचून लिहायचा. दिवाळीला त्याला गावी जाता आलं नाही, म्हणून आईच न कळवता लाडवांचा डबा घेऊन मालवणहून आली.

"तुजे दोस्त खंय आसत रे? बोलव त्यांका."

दशरथने शेजारच्या खोलीचं दार पहिल्यांदाच वाजवलं. "माझी आई आलीय. दहा मिनिटं माझा मित्र होशील का?"

 दार उघडणाऱ्या मुलाने शर्ट चढवला.

 

"चल. पण रविवारी माझे बाबा येतायत... तेव्हा तू येशील ना?"