पडदा बाजूला सार

"त्यात कुणी बोललं तर ओ देऊ नकोस," यंत्र हातात ठेवताना नणंद म्हणाली होती.

जुनंच यंत्र. एक डबी पाळण्याशी ठेवायची, दुसरी आईने जवळ बाळगायची. बाळ रडलं की आईच्या डबीत ऐकू येतं. आईच्या डबीवर एक बटण. ते दाबून बोललं की आवाज पाळण्याशी निघतो.

"भूत आहे की काय यात, वन्सं?"

"भूत परवडलं. आसपास कुणाकडे असंच यंत्र असलं की आवाज एकमेकांत घुसतात. एकदा बोललीस की तिकडची बाई पाठ सोडायची नाही."

ती हसली आणि विसरून गेली.

आवाज आला तेव्हा ती स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. केसांच्या जटा, अंगावर कालचाच गाउन, भरदुपारी दिवा लागलेला. बाळ आतल्या खोलीत झोपलं होतं. आणि डबीत कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "ऊठ. पडदा बाजूला सार. आजचा दिवस चांगला जाणार आहे."

ती धावत आत गेली. बाळ झोपलेलंच. पाळण्याशी कुणी नव्हतं. तिथल्या डबीवरचा हिरवा दिवा तेवढा तिच्याकडे बघत होता.

"ऊठ," हातातली डबी पुन्हा म्हणाली. बाईचाच आवाज. "पडदा बाजूला सार."

तिने सारला. उन्हाने डोळे दिपले. मग का कुणास ठाऊक, तिने बटण दाबलं आणि म्हणाली, "सारला."

डबीत नुसती खरखर. तिकडे कुणीतरी श्वास रोखून धरला असावा. बऱ्याच वेळाने आवाज आला, "आता केस धू."

तिने धुतले.

मग रोज दुपारी आवाज यायचा. कोण, कुठली, काही सांगायचा नाही, विचारायचाही नाही. एक काम सांगून गप्प व्हायचा. ती करायची आणि बटण दाबून तेवढंच कळवायची. धुतले. जेवले. बाळाला बागेत नेलं. जुन्या ऑफिसात फोन केला.

"कुणाशी बोलतेस गं?" नवऱ्याने विचारलं.

"बाळाशी."

"आणि बाळ काय, नोकरी शोध म्हणतं?"

अर्ध्या दिवसाची नोकरी मिळालीसुद्धा. घरात धावपळ सुरू झाली. डबी फ्रिजवर बसून बोलत राहायची, आणि ती घाईघाईत डबा भरता भरता, "हो गं बाई, झालं सगळं," म्हणायची. बटण दाबायला हात रिकामा कुठे होता? मग एक दिवस तिने डबी बंदच केली.

वन्संना परत द्यायचं म्हणून तिने यंत्र पुसायला काढलं. चालतंय ना, हे पाहायला सुरू केलं. डबीतून बाळाचं रडणं आलं.

तिचं बाळ तिच्या कडेवर होतं. गप्प. डबीकडे टक लावून बघत.

मग तो आवाज. ओळखू येऊ नये इतका बारीक. "पडदा बाजूला सार. सारला म्हण ना. एकदाच म्हण." खरखर. "कुणीच नाही. मग खिडकीच उघडते."

कडी निघाल्याचा आवाज आला.

"आहे! मी आहे!" बटण दाबून ती ओरडली आणि तशीच, अनवाणी, बाळासकट रस्त्यावर आली. वर बघितलं. इमारतीच्या सगळ्या खिडक्यांत ऊन शिरलं होतं. तिच्या घराच्या बरोबर वर, अगदी शेवटच्या मजल्यावर एकच पडदा बंद होता. तो कधी सारलेला तिला आठवेना. आज मात्र तो खिडकीबाहेर फडफडत होता.

जिना चढताना तिने बटणावरचा अंगठा उचलला नाही. "सारला. धुतले. जेवले. बागेत नेलं. ऐकतेस ना? सारला." धाप लागली तरी राहिलेली सगळी उत्तरं ती देत गेली.

तिने दार बडवलं. आत बाळ रडत होतं. आणि त्या रडण्याच्या मागून, बंद घराच्या काळोखातून, तिचाच आवाज म्हणत होता, "सारला. सारला."

कडी निघाल्याचा आवाज आला.

दारात एक बाई उभी होती. केसांच्या जटा, कित्येक दिवसांचा गाउन, पाठीमागे भरदुपारी दिवा. आरशासमोर आल्यासारखी ती थबकली. बाईने तिच्या हातातल्या डबीकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे.

"म्हणजे तू खरी आहेस."

"हो."

"मी माझं मलाच सांगत होते गं ते. मला एकदाही जमलं नाही. तू सारला म्हणायचीस तेव्हा वाटायचं, कुणाला तरी जमतंय. मग उद्या मलाही जमेल."

ती आत गेली. आधी खिडकी लावली. दोन्ही बाळं एकाच पाळण्यात ठेवली. पडद्याला तिने हात लावला नाही. जमिनीवर बसकण मारली आणि म्हणाली, "मी आहे इथे. तू सार."

बाईने हात पुढे केला.

यंत्र वन्संकडे परत गेलं नाही. तुम्हालाही कुणीतरी रोज सांगत असेल, सगळं छान होईल म्हणून. आज दुपारी जरा रस्त्यावर उतरा, मान वर करा आणि त्यांच्या खिडकीचा पडदा बघून या.