कोरी बाही

पहिला शर्ट.

"चारांना फीत लावायची, एकाची उसवायची," असं म्हणत स्टोअरवाल्याने गाठोडं पलंगावर ठेवलं. मग त्यातलाच एक शर्ट ओढून काखेत धरला. "हा राहू द्या, वहिनी. उसवायचं काय, मीच उसवतो."

"का? उसवायला माझे हात मोडलेत?" तिने तो त्याच्या काखेतून खेचून घेतला. "लावायची जी मजुरी, तीच उसवायची. एक बाहीसुद्धा सोडायची नाही मी. बसा, भावजी. चहा टाकते."

तो दारातल्या स्टुलावर बसला. बाहेर तोंड करून.

छावणीत कोणाला बढती मिळाली की बाहीवर फीत चढायची ती तिच्या हातून. नावाच्या पाट्या स्टोअरवाला आधीच काढून ठेवायचा. त्यामुळे तिला माणूस कळायचा नाही, नुसती बाही कळायची. तिचा नवरा त्याच छावणीत साधा शिपाई होता. लग्न झालं तेव्हा होता तसाच.

"साऱ्या पलटणीच्या बाह्या भरल्या मी," ती दोरा ओवत म्हणाली. "आमच्या घरची कोरी. दिव्याखाली अंधार!"

एरवी स्टोअरवाला यावर हसायचा.

दुसरा आणि तिसरा.

दोन्ही नवेकोरे. घड्या मोडल्या नव्हत्या.

"बढती झाली की लोक शर्टही नवा घेतात बघा. आमच्याकडे कॉलर झिजली की उसवायची आणि उलटी करून बसवायची. मागच्या खेपेला खाकी रीळ संपलं, तर मुलीच्या शाळेच्या फ्रॉकचा हिरवा दोरा घातला. आतून हो! आतलं कोण बघतंय?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "चहा छान झालाय."

"अजून ओतला कुठे?"

फीत आली की दोन खोल्यांचं क्वार्टर मिळतं. या एका खोलीत पलंग, शिलाईचं सामान, स्टोव्ह आणि पलंगाखाली मुलीचं दप्तर. सासूबाईंना ठेवायला जागा नाही. त्या नणंदेकडे स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण घालून निजतात. नणंदेचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "वहिनी, आईला कधी नेताय?"

मागे एकदा नवऱ्याचं नाव बढतीच्या यादीत आहे असं कानावर आलं होतं. हिने आनंदाच्या भरात नणंदेला कळवलं, शेजारणींना सांगितलं. सासूबाईंनी तिकडे पिशवी भरून ठेवली. मग नाव गळलं. सासूबाईंनी ती पिशवी स्वतःच्या हाताने परत रिकामी केली, असं नणंदेकडून कळलं, ते तिला जास्त लागलं. नवरा एवढंच म्हणाला होता, "आता हातात किल्ली आल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही."

चौथा.

सुई बोटात शिरली, तिने बोट तोंडात घातलं आणि तिला नवऱ्याचा अंगठा आठवला. गेल्या आठवड्यात त्यावर बारीक बारीक भोकं दिसली होती. "खोक्यांचे खिळे," म्हणाला होता. ड्यूटी संपली की तो परस्पर गोदामात खोकी चढवायला जायचा. तिथे वर्दी चालत नाही, म्हणून हल्ली वर्दी छावणीतल्या पेटीतच ठेवायचा, धुवायलाही तिकडेच द्यायचा. घरी यायचा तो साध्या कपड्यात, पाठ धरून.

त्याची ती पाठ बघवेना म्हणून परवा ती मोठ्या साहेबांच्या बाईंना जाऊन भेटली होती. त्याला न सांगता. रडायचं नाही असं ठरवून गेली आणि रडलीच. सगळं सांगितलं: सासूबाईंचं अंथरूण, गोदाम, खोकी. बाईंनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "मी साहेबांच्या कानावर घालते."

तेव्हापासून ती वाट बघत होती.

पाचवा.

"अगं बाई, हे कोणी शिवलंय?" ती हसायलाच लागली. "पोतं शिवावं तसं! पुरुषाचा हात. माझ्याकडे का नाही पाठवला? बायकोला चकित करायचं असेल बिचाऱ्याला, बसला असेल एकटाच सुई घेऊन."

"असेल."

ब्लेडने टाके पटापट तुटत गेले. "केलं काय याने?"

स्टोअरवाल्याने कप खाली ठेवला. "नोकरीत असताना बाहेर दुसरं काम करत होता. नियमात बसत नाही."

तिचा हात थांबला. मग तिला आपल्या घरची बाही आठवली आणि हायसं वाटलं. कोरी बाही, तिच्यावरून काय काढून घेणार? तरी आज नवऱ्याला गोदाम सोडायला सांगायचं, हे तिने मनाशी ठरवलं.

"आणि वर कळलं कसं?"

"कोणीतरी सांगितलं."

"पोटावर पाय दिला हो माणसाच्या! ज्याने सांगितलं त्याची जीभ झडो."

"असं म्हणू नका, वहिनी." तो उठून उभा राहिला होता. "चांगल्या मनानेच सांगितलं असेल. द्या तो शर्ट, इस्त्री नको त्याला."

"अर्धवट काम देत नाही मी. याच्याही घरी कोणी आहेच ना वाट बघणारं? निदान शर्ट तरी नीट जाऊ दे."

फीत निघाली तिथे टाक्यांची भोकं राहिली होती. त्यावर तिने पाण्याचा हात फिरवला. इस्त्री ती नेहमी कॉलरपासून सुरू करायची, आतल्या बाजूने. तिने कॉलर उलगडली.

आतले टाके हिरवे होते.