आठ इंच कापड

“श्वास सोड, क्लीओ. पोट आत ओढून टेपला फसवता येत नाही,” ओडेसा म्हणाली.

क्लीओने श्वास सोडला. पोट आपल्या जागी आलं.

“पन्नास,” ओडेसाने पुकारलं.

टेबलाशी बसलेल्या व्हेल्माने वहीत आकडा लिहिला. “गेल्या साली अठ्ठेचाळीस होते, साहेब. बायको चांगलं रांधतेय म्हणायची.”

रांगेत हशा पिकला. उद्या विद्यापीठाचं होमकमिंग. गावोगावचे माजी विद्यार्थी येणार, आणि फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात जुने वादक पुन्हा एकदा बँडचा लाल कोट घालून मैदानात उतरणार. तो कोट त्यांच्या अंगावर बसवण्याचं काम स्टेडियमखालच्या या खोलीत दोघी चोवीस वर्षं करत होत्या. बहुतेक काम सैल करण्याचंच. कोटाच्या शिवणीत आत माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असे. ती दरसाल थोडी थोडी बाहेर येई.

“पुढचा,” म्हणत ओडेसाने मान वर केली.

पुढे तिचा मुलगा उभा होता.

लव्हेल पाच वर्षं आला नव्हता. दर रविवारी फोनवर सांगायचा, मी मजेत आहे, मम्मा. येतोय हेही कळवलं नव्हतं.

“मिठी नंतर मार,” तो हसून म्हणाला. “मागे लोक खोळंबलेत.”

ओडेसा शेवटच्या कपाटाकडे गेली. लव्हेल इथे शिकताना घालायचा तो सतरा नंबरचा कोट तिने बाहेर काढला. कसर लागली आहे असं ऑफिसला सांगून बारा वर्षं तिने तो दुसऱ्या कुणाला दिला नव्हता. आतल्या पट्टीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: छाती शेहेचाळीस.

तिने त्याच्या छातीभोवती टेप घातली. टेपची टोकं फार लवकर भेटली.

व्हेल्मा पेन्सिल धरून थांबली. आकडा आलाच नाही.

“अडतीस, मिस व्हेल्मा,” लव्हेल म्हणाला. “लिहून टाका.”

“काय रे, शिकागोत जेवायला घालत नाहीत का?” व्हेल्मा म्हणाली. या वेळी रांगेत कुणी हसलं नाही.

लहानपणी गणितात नापास झालेला असो की शेजाऱ्यांची काच फोडलेली असो, कबुली द्यायला लव्हेल एकच वेळ गाठायचा. आईच्या तोंडात टाचण्या असायच्या तेव्हा. ओरडायची तिची सोयच नसायची.

ओडेसाने त्याला कोट चढवला. डबीतल्या टाचण्या एकेक करून ओठांत धरल्या. मग शिवण चिमटीत घेऊन ती त्याच्याकडे पाहत राहिली.

लव्हेलला समजलं.

“फेब्रुवारीत पोटाचं ऑपरेशन झालं,” तो हळूच म्हणाला. “गाठ होती. काढली. औषधं चालू आहेत. पुन्हा वाढतेय का, ते नाताळानंतर कळेल.” मग म्हणाला, “ट्यूबाचं ते पितळी धूड नाही झेपत आता. उद्या मला झांजा दिल्यात.”

तिने ओठांतली एक टाचणी काढून शिवणीत खोचली. मग दुसरी. मग तिसरी. शेवटची टाचणी लावली आणि तोंड मोकळं झालं.

व्हेल्मा मोठी कात्री घेऊन उठली. “आठ इंच आहे गं जादा. आत ठेवलंस तर बगलेत फुगेल. कापून टाक.”

“काप, मम्मा,” लव्हेल म्हणाला. “एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

“हात वर कर,” ओडेसा म्हणाली.

कात्री तिने बाजूला सारली. सगळं कापड दोन्ही बगलांखाली आत दुमडलं आणि पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब कच्चे टाके घातले, पुढच्या वर्षी एका ओढीत उसवतील असे.