मायच्या वाट्याचा खोका

गुलाबनं चार खोके मायच्या बैठकीत आणून ठेवले. पाचवा तिच्या स्वयंपाकघरातच, पिठाच्या डब्यावर होता.

सहा वर्षांनी तो दोंडाईच्याला आला होता आणि उद्या परत निघणार होता. जर्मनीत पियानोच्या मैफली ध्वनिमुद्रित करणं हे त्याचं काम. ऐकणाऱ्याला चहूबाजूंनी आवाज यावा असा स्पीकरच्या पाच खोक्यांचा संच आणि स्वतः केलेली एक तबकडी त्यानं गेल्या वर्षी घरी पाठवली होती. थोरल्या कौतिकभाऊंनी त्याची रीतसर वाटणी केली. पाच खोके, पाच चुली. पत्र्यांवरून वायरी टाकून गल्लीतल्या पाची घरांत एकेक खोका पोचवला.

"कोनी नाराज व्हवाले नको," तबकडी वाजवायचं यंत्र खाली ठेवत भाऊ म्हणाले. "आपला घरमा वाटनीमा कधीच फरक पडना नही."

गुलाब हसलासुद्धा नाही. आपलं काम काय, हे समजावून सांगायचाही त्याला आता कंटाळा आला होता. मायनं एकदा सगळं एकत्र ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

तो तिच्या खोक्याची वायर काढायला वाकला. मायनं त्याचा हात धरला.

"हाऊ नको नेऊ, गुलाब."

"माय, हाऊ मागला खोका शे. यामा पियानो नहीच, निस्ता हॉलना घुमारा शे."

"नही ते नही. पहिले विहीरमा कोनी बोलस तसं येस. मंग एकजन खोकलस. मंग टायाच टाया! कितला लोक टाया वाजाडतस तुनासाठे. मी रोज ऐकस."

टाळ्या पियानो वाजवणाऱ्या बाईंना होत्या. गुलाब तेव्हा काचेआडच्या खोलीत हेडफोन लावून बसला होता. तो तिथं आहे, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. पाचही खोके जोडले, की पियानो ऐकू येऊन टाळ्या कुणाला होत्या ते मायला कळणार होतं.

कौतिकभाऊ म्हणाले, "जोड ना मंग, कसानी वाट देखस?"

गुलाबनं चार खोके भिंतीशी सरकवले. मायच्या एकट्या खोक्याची वायर यंत्राला लावली, तबकडी सुरू केली आणि तिच्याशेजारी पाट ओढून बसला.

खोक्यातून जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. दोघं टाळ्यांची वाट बघत बसले.