मागच्या सीटवरचं कार्ड

बस इथं, एक गोष्ट सांगतो. बिश्केकमध्ये माझ्या मिनीबसमध्ये आधी भाड्याची नाणी हातोहात पुढं यायची, आता कार्डं येतात. मी मशीनला लावतो आणि तशीच मागं धाडतो.

काल भर दुपारी कोपरा चावलेलं एक कार्ड आलं. माझ्या बायकोचं, बुरुलचं; तिला कोपरा चावायची सवय होती. वसंतात ते मी गुपचूप तिच्या कफनात ठेवलं होतं.

"कुणाचं हे?"

"मागच्या बाईंचं! लावा की बाबा, झोपलात काय?"

लावलं. मशीन वाजलं. कार्ड हातोहात शेवटच्या सीटपर्यंत गेलं. आरशात ती सीट रिकामी होती, तरी कार्ड कुणीतरी घेतलं.

मला भीतीही वाटली नाही, रडूही आलं नाही. गाडी चालवत राहिलो.

आज तू मागं बस. ती कार्ड पुढं देईल, तेव्हा तुला तिचा हात लागेल. ऊब आहे का, तेवढं सांग.