नाव घेऊन सांगा

"काळ्या, लिफ्ट खाली घे," वॉकीटॉकीतून फोरमनचा आवाज आला.

फिटरचा अंगठा बटणावर होता. त्याने तो दाबला नाही.

मशीन रूम गच्चीवर होती आणि पत्र्याखाली भट्टीसारखी तापली होती. खाली, दोन मजल्यांच्या मध्ये, लिफ्टच्या टपावर फोरमन उकिडवा बसला होता. रुळांना ग्रीस लावून झालं होतं. लिफ्ट जुनी, दुरुस्तीच्या वेळी वरून बटण दाबल्याशिवाय तसूभर हलत नसे. ब्रेक पक्का होता, धोका काही नव्हता. फोरमनला फक्त बाहेर यायचं होतं, आणि ते फिटरच्या हातात होतं.

"काळ्या, झोपलास का रे?"

"कोणाला सांगताय, साहेब?" फिटर म्हणाला.

पलीकडून नुसती खरखर. आपण असं काही बोलून बसू, हे त्याला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

सकाळी कंपनीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं होतं. शिकवायला बाहेरून एक बाई आल्या होत्या. कामाच्या जागी रंगावरून, वंशावरून, बोलण्याच्या ढंगावरून माणसाला कसं वेगळं पाडतात, ते कसं ओळखायचं आणि थांबवायचं, हे त्या समजावून सांगत होत्या. तेव्हा फोरमन मागच्या रांगेतून हसत म्हणाला, की आमच्याकडे तसलं काही नाही, आम्ही सगळे घरच्यासारखे. हवं तर आमच्या काळ्यालाच विचारा, त्याला वाईट वाटतं का. अख्खा हॉल वळून फिटरकडे बघू लागला. तितक्या काळ्या रंगाचा तिथे तो एकटाच. बाईंनी काही विचारलं नाही, नुसती वाट पाहिली. आणि फिटर हसून म्हणाला, "छे हो, चालतं मला." कोणीतरी टाळी वाजवली. तेव्हापासून ते 'चालतं' त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. दुपारचं जेवणसुद्धा गेलं नव्हतं.

"हे काय नवीन काढलंस?" फोरमनचा आवाज चढला. "सकाळी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा तर चालतं म्हणालास."

"सगळ्यांसमोर विचारलंत, म्हणून म्हणालो."

मग फोरमनने दोन सणसणीत शिव्या हासडल्या. पाठ धरलीय, म्हणाला. उद्यापासून तोंड दाखवू नकोस, म्हणाला. बोटाला धरून काम शिकवलं, त्याचे हे पांग फेडतोस का, असंही म्हणाला.

हे शेवटचं खोटं नव्हतं. दोर कुठे झिजतो, ब्रेक नुसत्या आवाजावरून कसा ओळखायचा, सगळं या माणसानेच शिकवलं होतं. फिटरची बायको दवाखान्यात होती, तेव्हा त्याच्या पाळ्याही याने कोणाला न सांगता स्वतः केल्या होत्या. आणि त्या सगळ्या दिवसांत हाक मात्र एकच मारली होती.

अंगठा आपोआप पुन्हा बटणाकडे गेला. एकदा दाबलं की संपलं, सगळं होतं तसं. फिटरने हात मागे घेतला आणि पँटला पुसला.

"नियम तुमचाच आहे, साहेब. आत माणूस असला की नाव घेऊन सांगायचं. ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचं, मग बटण. तुम्ही माझं नाव घेऊन सांगा, मी लगेच खाली घेतो."

खरखर थांबली. फोरमनने वॉकीटॉकी बंद केला की काय, कळेना. फिटर दोर जिथून खाली जात होते त्या फटीपाशी वाकला. अंधारातून ग्रीसचा वास आणि गरम हवा वर येत होती. माणसाचा आवाज नव्हता. फोरमनचं वय झालेलं, त्यात हा उकाडा. आता आणखी थोडंच थांबायचं, नाहीतर काही न ऐकताच खाली घ्यायचं, असं त्याने मनाशी ठरवलं आणि बटणापाशी परत आला.

तेवढ्यात वॉकीटॉकी पुन्हा खरखरला.

फोरमनने त्याचं नाव घेतलं. जड जिभेने, मधल्या अक्षरावर अडखळत, पण पूर्ण. क्षणभर फिटरला वाटलं, ही हाक दुसऱ्याच कोणाला तरी आहे.

"...लिफ्ट खाली घे."

"लिफ्ट खाली घेतो," फिटरने परत म्हटलं आणि बटण दाबलं. मोटर हुंकारली, टप मजल्याच्या पातळीला येऊन थांबला. खाली दार सरकल्याचा आवाज झाला, मग फरशीवर बूट वाजले, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

लिफ्ट नेहमीसारखी चालू करून तो जिन्याने उतरला. फोरमन कठड्याला टेकून बोटांवरचं ग्रीस चिंधीने पुसत होता. त्याने मान वर केली नाही.

शेजारच्या फ्लॅटच्या दारातून एक बाई हातात पिशव्या घेऊन बाहेर आल्या आणि लिफ्ट सुरू झाली का, असं त्यांनी फोरमनला विचारलं.

"यांना विचारा," फोरमन म्हणाला.

इतकी वर्षं तो त्याला अरे-तुरे करत आला होता. आता यात टोमणा होता की मान, फिटरला कळलं नाही. चालू झाली, या, असं तो बाईंना म्हणाला. त्या आत शिरल्या, त्यांच्यामागून तोही गेला. फोरमन हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बाहेरच उभा राहिला, जिन्याकडे बघत.

दार मिटू लागलं. फिटरने ते हाताने धरून ठेवलं.