जिभेवरचं वेखंड

वाईहून जव्हार संस्थानाच्या नोकरीत आलेले त्र्यंबक मास्तर मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर कुडाच्या एकाच छपराखाली शाळाही चालवायचे आणि संसारही. पोरांच्या तोंडून पाड्याची बोली निघाली, की छडी सपकन हातावर उतरायची. "इथं शुद्ध मराठीच बोलायचं!"

पण घरात मास्तरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. लेक अंबू चार वर्षांची झाली, तरी तोंडातून अवाक्षर काढेना. जिभेला वेखंड उगाळून लावलं, खंडोबाला नवस बोलून झाला. बायको धारवाडची, तिच्या कानडीनंच पोर गोंधळली म्हणून मास्तरांनी तिची कानडीही बंद केली. तेव्हापासून घरात आवाज काय तो भांड्यांचा. "एकदा अप्पा म्हण गं," असं ते रोज विनवायचे, आणि अंबू नुसती टुकुटुकु बघायची.

त्या दुपारी ओढ्याच्या वाटेनं येताना मोहाच्या झाडामागून एका पोरीचा आवाज आला. पाड्याच्या बोलीत ती न अडखळता कोल्ह्याची गोष्ट सांगत होती, आणि पाच-सहा चिल्लीपिल्ली खिदळत होती. मास्तरांनी सवयीनं छडी सरसावून डोकावलं, आणि छडी हातातून गळालीच.

बोलणारी त्यांचीच पोर होती.

"अंबू!" मास्तर आनंदानं ओरडले.

तिनं चटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि पोरांना दटावलं,

"गप ऱ्हा रं, मास्तर आला!"